कुणाचा उजवा

कापडे गावातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत रोज पंधरा-वीस अनोळखी माणसे माझ्या कानात आजारी असतात. ती अमेरिकेतली असतात. त्यांची नावे बहुधा दिसत नाहीत, आणि दिसली तरी लक्षात ठेवायची नसतात. त्यांना तपासून झाल्यावर डॉक्टर घाईघाईने काय आढळले ते बोलून ठेवतो. ते बोलणे दुसऱ्या डॉक्टरला वाचता येईल अशा अहवालात उतरवणे हे माझे काम. याला मेडिकल ट्रान्सक्रिप्शन म्हणतात. गावात याला ‘अनुपमाचं कानाचं काम’ म्हणतात, आणि व्याख्या म्हणून मला ती अधिक नेमकी वाटते.

अलीकडे पहिला मसुदा यंत्रच तयार करते आणि मी आवाज ऐकत तो तपासते. यंत्राचे शुद्धलेखन माझ्यापेक्षा चांगले आहे. वेगाची तर तुलनाच नको. त्याच्यात उणीव एकच आहे. आपल्याला कळले नाही, हे त्याला कळत नाही. डॉक्टर खोकला, खिडकीबाहेरून गाडी गेली, कोणी दार आपटले, तरी ते थांबत नाही. जिथे काहीच ऐकू आलेले नसते तिथेही एक व्याकरणशुद्ध, आत्मविश्वासाने भरलेले वाक्य ठेवून पुढे जाते. अशा जागी माणसाने काय करायचे याचा नियम या धंद्यात जुना आहे. ऐकू आले नाही तर जागा मोकळी सोडायची. ऐकू आले, पण ते अहवालातल्या दुसऱ्या विधानाशी जुळत नसेल, तर दोन्ही विधाने जशीच्या तशी ठेवायची, शेजारी खूण करायची आणि फाइल डॉक्टरकडे परत पाठवायची. या खुणेला आम्ही फ्लॅग म्हणतो. चूक स्वतः सुधारायची नाही. तो अधिकार बोलणाऱ्याचा.

हा नियम मला नव्याने शिकावा लागला नाही. सूक्ष्मजीवशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण झाल्यावर मी बिरवाडीला खोली घेऊन राहत होते आणि तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत काम करत होते. उपकरण बिघडल्यामुळे एखादे मोजमाप राहिले, तर नोंदीतली ती जागा आम्ही कारण लिहून रिकामी ठेवत असू. अंदाजाने आकडा भरणे हा तिथे अक्षम्य मानलेला एकमेव अपराध होता. ती नोकरी मी सोडली असे म्हणण्यापेक्षा माझ्या श्वासनलिकांनी सोडली असे म्हणणे योग्य ठरेल. महाडच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितले की दमा औषधांनी आटोक्यात राहील, मात्र रसायनांच्या वाफांत पुन्हा उभी राहिले तर राहणार नाही. माझा त्यांच्या निदानाशी मतभेद नव्हता. मी पोलादपूरच्या अलीकडे-पलीकडे कुठे काही मिळते का ते पाहिले, काही मिळाले नाही, आणि कापड्याला सासरी येऊन घरून हा अभ्यासक्रम केला. पुढे ठाण्यातल्या एका कंपनीचे काम दोन वर्षे व्यवस्थित चालले. गेल्या दिवाळीनंतर त्या कंपनीने गाशा गुंडाळला. तसे तिने एका मेलमध्ये अत्यंत सभ्य भाषेत कळवले.

माझा नवरा हर्षद मुंबईत लिफ्टच्या देखभालीचे काम करतो आणि महिन्यातून दोनदा घरी येतो. आम्ही दोघांनी एक ठरवून ठेवले होते. घरून करायचे काम टिकले, तर मी कापड्यात राहायचे. नाही टिकले, तर शिमगा झाला की त्याच्या नालासोपाऱ्याच्या खोलीवर जायचे आणि तिथे मिळेल ती नोकरी धरायची. तिथल्या हवेत माझ्या फुप्फुसांचे काय होईल, याचे भाकीत करायला पदवी लागत नव्हती. सासू-सासरे इथे दोघेच उरले असते. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे, म्हणजे सगळे त्याचाच विचार करत होते.

हे घर माझ्यासाठी काय आहे, ते कानाच्या अंगाने सांगितलेले बरे. आमच्याकडे इंटरनेटची तार रस्त्यापासून खांबांवरून, मग एका फणसावरून आणि शेवटी आमच्या बांबूच्या बेटाला घासून येते. वारा सुटला की बांबू तारेवर रेलतात. माझे सासरे, रावजी, ही गोष्ट मी न सांगता ओळखून गेले. वाऱ्याच्या दिवशी मी कामाला बसण्याआधी ते कोयता घेऊन बेटाकडे एक फेरी मारून आलेले असतात. अमेरिकेतली संध्याकाळ ती आमची सकाळ, म्हणून माझे काम पहाट सरल्यापासून दुपारपर्यंत चालते. भाताची झोडणी सकाळच्या उन्हात करायची रीत असताना, गेली दोन वर्षे आमच्या खळ्यावर झोडणी दुपारच्या जेवणानंतर सुरू होते. सासूबाईंनी, म्हणजे तुळसाबाईंनी, कोंबड्यांचे खुराडे माझ्या भिंतीमागून उचलून पुढच्या ओटीखाली आणले. कोंबड्यांना ते पसंत नव्हते. त्यांचे मत विचारण्यात आले नव्हते. या डोंगरात निरोप द्यायला कोणी पायपीट करत नाही, इकडच्या वाडीतून तिकडच्या वाडीला हाक घालतात. आमच्या घरावरून जाताना मात्र लोक आवाज खाली आणतात आणि पुढच्या वळणावर गेल्यावर राहिलेली हाक पूर्ण करतात. माझ्या शिक्षणात कृतज्ञता मोजण्याचे एकक शिकवले नव्हते. मला विचारले असते तर मी ते डेसिबल ठेवले असते.

डिसेंबरात माझ्यासमोर दोन कामे आली. पहिले नव्या मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीचे. हर्षदचा चुलत भाऊ दीपेश त्याच इमारतीत संगणकांची देखभाल करतो. त्याने कंपनीतल्या एका मित्राकरवी माझे नाव पुढे केले होते. कंपनीजवळ अनेक इस्पितळांची कामे होती, रोजच्या फाइलींची हमी होती आणि दरही बरा होता. दुसरे काम महाडमधल्या शर्मिला नावाच्या बाईंचे. त्या पूर्वी माझ्यासारख्याच घरून काम करत. आता आठ-दहा जणींना घेऊन दोन छोट्या दवाखान्यांचे काम थेट करत होत्या. दोन्हींची अट अशी की एकाचे धरले तर दुसऱ्याचे करता येणार नाही. दोघांनाही उत्तर पुढच्या सोमवारी हवे होते.

दोन नमुने तपासायचे तर चाचणी एकच हवी, म्हणून दोघांनाही मी तेच प्रश्न विचारले. तार तुटली तर काय, आजारी पडले तर काय, फाइल नाकारली तर कारण कळते का, आणि फ्लॅग लावलेली फाइल कोण वाचते. मोठ्या कंपनीची उत्तरे छापील आणि तत्पर होती, फक्त शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आले नाही. ते मला कंपनीने घेतलेल्या परीक्षेत मिळाले. परीक्षेच्या फाइलीत एका बाईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होती. आधीच्या भागात डॉक्टर चार वेळा म्हणतो की दुखणे डाव्या गुडघ्याचे आहे. शस्त्रक्रियेच्या वर्णनात, तितक्याच स्वच्छ आवाजात, तो म्हणतो की उजवा गुडघा निर्जंतुक करून घेतला. मी दोन्ही ठेवले आणि फ्लॅग लावला. निकालात मला नापास केले नव्हते, पण तेवढ्या एका जागेचे गुण कापून शेरा दिला होता की संदर्भावरून निर्णय घेणे संपादकाकडून, म्हणजे मसुदा तपासणाऱ्याकडून, अपेक्षित आहे, आणि फ्लॅगचे प्रमाण कंपनीत दोष म्हणून धरले जाते.

दीपेश त्या आठवड्यात सुट्टीवर गावी आला होता. ओटीवर बसून त्याने निकाल मोबाइलवर वाचला आणि मला शेरा कसा वाचायचा ते समजावून सांगितले.

“वहिनी, डॉक्टर लोकांच्या चुका काढायचा पगार कोण देत नाय हो. सिंपल हाय. चार वेळा डावा बोलला, एक वेळा उजवा. मग डावा टाका आणि फाइल पुढं ढकला.”

मी विचारले, बहुमताने?

“मग? ग्रामपंचायत नाय चालत बहुमतानं?”

“चालते,” रावजी सुपारी कातरता कातरता म्हणाले. “म्हणूनच कशी चालते ती बघ.”

दीपेश हसला, पण त्याचा मुद्दा खोटा नव्हता. रोजच्या कामाची हमी ही माझ्या दृष्टीने गंमत नव्हती. त्या हमीवर मी कापड्यात राहू शकणार की नाही हे ठरत होते. वर्षभरात दहा-वीस ठिकाणी डोळे मिटून डावा किंवा उजवा लिहायचा, ही किंमत ऐकायला फार वाटत नाही. त्यातल्या बहुतेक ठिकाणी माझा अंदाज बरोबरही आला असता. प्रश्न उरलेल्यांचा होता, आणि ती कोणती हे मला कधीच कळले नसते.

शर्मिलाबाईंना भेटायला मी महाडला गेले. त्यांचे कार्यालय वरच्या मजल्यावर आहे. महाडात बाजारपेठेतले लोक संगणक ज्या कारणाने वर ठेवतात त्याच कारणाने. खालच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते. बाईंनी चहा मागवला, माझे प्रश्न कागदावर उतरवून घेतले आणि एकेकाचे उत्तर दिले. काम किती येईल ते सांगता येत नाही, एखादा आठवडा अगदी कोरडा जातो, आणि त्या आठवड्याचे पैसे देण्याची ऐपत त्यांची नाही. हे त्यांनी सर्वांत आधी सांगितले. मग मी गुडघ्याचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला.

“मी तिथे असते तर मीही फ्लॅगच लावला असता,” त्या म्हणाल्या. “कोणत्या पायावर शस्त्रक्रिया झाली ते त्या बाईंना माहीत, डॉक्टरांना माहीत. आपल्याला माहीत नाही. माहीत नाही हे सांगायचेच आपल्याला पैसे मिळतात, असे समजा. फक्त कमी मिळतात.”

मला त्यांच्याकडेच काम करावे असे वाटले, आणि मी एवढ्यासाठीच त्या भावनेवर विश्वास ठेवला नाही. एका अनुकूल निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो. तत्त्व त्यांच्याकडे होते आणि तांदूळ कंपनीकडे. एसटीतून परत येताना मी दोन रकाने मनात मांडत राहिले, आणि पोलादपूर आले तरी ते तितकेच भरलेले होते. हर्षद फोनवर म्हणाला की तुला जे वाटेल ते. हे उत्तर प्रेमळ असते आणि उपयोगाचे नसते.

शनिवारी सासूबाई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हेडफोन उतरेपर्यंत त्या कधी बोलत नाहीत. त्यांनी विचारले की दोघांतली कोणती धरली तर मी नक्की इथेच राहीन. मी खरे ते सांगितले: नक्की असे काही नसते, पण त्यातल्या त्यात मोठी कंपनी. त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या की गावदेवीला कौल लावू. गावात विहीर खणायची असो की मुलगी द्यायची असो, दोन वाटा समोर आल्या की देवीला विचारतात. इतकेच की नोकरी देणाऱ्याची निवड आजवर कोणी तिच्यापुढे नेली नव्हती.

“तुजी शाळा तुज्यापाशी ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “विचारायला काय जातंय?”

माझ्या शाळेप्रमाणे काहीच जात नव्हते, आणि काही येतही नव्हते. पण ज्या बाईने माझ्यासाठी कोंबड्यांशी वैर घेतले तिच्याबरोबर अर्धा डोंगर चढणे, ही माझ्याकडून फार मोठी परतफेड नव्हती. मी हो म्हटले.

रविवारी सकाळी आम्ही देवळात गेलो: सासूबाई, मी आणि निकालात रस असलेला दीपेश. गावदेवी म्हणजे कमरेएवढी काळी शिळा आहे. तिला चांदीचे डोळे आणि खांद्यांसारखे दोन उंचवटे. कौल लावायचा तो हैबती गुरवाने. सासूबाईंनी आदल्या दिवशी त्याच्या घरी जाऊन काय विचारायचे ते त्याला सांगून ठेवले होते. त्याने शिळेला पाणी घातले, तगरीच्या दोन पाकळ्या ओल्या करून दोन्ही खांद्यांवर एकेक चिकटवली, हात जोडले आणि सासूबाईंचे शब्द मोठ्याने देवीला ऐकवले. उजवीकडे मुंबईची कंपनी, डावीकडे महाडची बाई. आई, सुनेसाठी जी बरी असंल तिची पाकळी आदी सोड.

आम्ही बसून राहिलो.  आमच्या उजव्या हाताला शिळेलगत समई होती आणि त्या बाजूचे पाणी लवकर वाळत होते, हे मी पाहिले. ओल्या पाकळीला दगडावर धरून ठेवतो तो पाण्याचा पातळ थर. तो गेला की पाकळी जाते. मला कोणी विचारले असते तर कोणती पडणार ते मी आधी सांगितले असते. कोणी विचारले नाही, आणि मी सांगितले नाही. थोड्या वेळाने समईकडची पाकळी सुटली आणि शिळेच्या पायथ्याशी पडली.

“उजवा,” दीपेश म्हणाला. “संपला विषय. मुंबईची.”

सासूबाईंच्या चेहऱ्यावर आलेले समाधान मी पाहिले.  हैबतीने पडलेली पाकळी उचलली नाही; तो नुसता तिच्याकडे पाहत राहिला.

“देवीचा डावा हाय,” तो शेवटी म्हणाला.

दीपेशने सांगितले की आपण बोललो ते आपल्या हाताने, आपला उजवा तो उजवा. हैबतीने विचारले की आपण म्हणजे कोण. त्याचे म्हणणे, प्रश्न तुळसाचा होता, दीपेशचा नव्हता. रीत अशी की देवीचा उजवा धरायचा. पण तुळसाने आपला हात धरून सांगितले असेल, तर प्रश्न तसा होता असे समजायला हवे. सांगताना तिने उलगडून सांगितले नाही आणि हैबतीनेही विचारले नाही. ती चूक दोघांची.

इथे मला बोलणे भाग पडले. क्ष-किरणाच्या फोटोत छातीची उजवी बाजू पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला येते, आणि कोणत्याही अहवालात उजवा म्हणजे नेहमी रोग्याचा उजवा. पाहणाऱ्याचा कधीच नाही. हे सगळे त्या गाभाऱ्यात सांगायची गरज नव्हती. मी सासूबाईंना एवढेच विचारले, “आई, तुम्ही सांगताना कुणाचा उजवा धरला होता?”

त्या पाकळीकडे पाहत राहिल्या. कोणते उत्तर त्यांच्या सोयीचे आहे हे तिथल्या चारही जणांना ठाऊक होते. ‘माझा’ एवढे म्हटले असते तर देवीचा कौल कंपनीला मिळाला असता, सून घरात राहिली असती, आणि त्यांना खोटे ठरवू शकेल असे जगात कोणी नव्हते. आदल्या दिवशी त्यांच्या मनात काय होते, याची नोंद फक्त त्यांच्याजवळ होती.

“म्या कुणाचाच धरला नव्हता,” त्या म्हणाल्या. “नुसतं उजवा म्हटलं.”

“मंग कौल झाला नाय,” हैबती म्हणाला, आणि त्याने दुसरी पाकळी हाताने काढून घेतली.

दीपेशने पुन्हा लावायला सांगितले. एका कामाचा कौल एका दिवशी दुसऱ्यांदा लागत नाही, असे उत्तर आले. मग त्याने समजूत घालून पाहिली: एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला अडवता, तुम्हीच सांगा की कोणता धरू, सोमवारी उत्तर द्यायचे आहे. हैबती समईची वात सारखी करत होता.

“देवीच्या तोंडात आपलंच बोलणं घालायचं व्हतं,” तो मागे न वळता म्हणाला, “तर घरी बसून ठरवायचं. चढण कशाला चढलास, बाबा?”

मला स्पष्ट लिहिले पाहिजे की पाकळीविषयीचे माझे मत त्या सकाळी तसूभरही बदलले नाही. ती समईमुळे पडली. उपकरण म्हणून ती निकामी आहे, आणि तिच्या भरवशावर मी चहात साखर किती घालायची तेही ठरवणार नाही. पण उपकरण निकामी असले तरी ते वापरण्याची पद्धत निर्दोष असू शकते. प्रयोगशाळेत मी याच्या उलट परिस्थिती अनेकदा पाहिली होती. इथे दोन विधाने जुळत नव्हती. हैबतीने बहुमत घेतले नाही, संदर्भ लावला नाही, घाई आहे म्हणून बरा वाटेल तो अर्थ भरला नाही. त्याने फाइल बोलणाऱ्याकडे परत पाठवली. आणि जिच्याकडे ती गेली, तिने स्वतःचे सगळे हित एका शब्दावर टांगलेले असताना ती जागा मोकळी सोडली.

उतरताना सासूबाई माझ्या पुढे चालत होत्या. वाट अरुंद आहे. बोलायचे तर मान वळवावी लागते, आणि त्यांनी ती वळवली नाही.

“आता तूच ठरव गो,” त्या म्हणाल्या. “मला इचारलंस तर म्या मुंबईचीच सांगेन. म्हणून मला इचारू नको.”

ज्याचे हित गुंतले आहे त्याने आपण होऊन मत देण्यापासून बाजूला व्हावे, या तत्त्वावर मी मोठमोठ्या नियतकालिकांत लेख वाचलेले आहेत. ते अमलात आणलेले मी त्या उतारावर प्रथम पाहिले. मागून चालता चालता माझे रकाने आपोआप बंद झाले. आजवर मी विचारत होते की कोणते काम मला या घरात ठेवील. ज्या घरात मला राहायचे होते ते घर अशा बाईचे होते, की तिच्या भिंतीआड बसून रोज एखाद्याच्या गुडघ्याचा अंदाज करणे मला जमले नसते. हमी नसेना का; कोरड्या आठवड्याचे काय करायचे ते त्या आठवड्यात पाहता आले असते.

त्याच दुपारी मी शर्मिलाबाईंना फोन करून हो सांगितले. दीपेशला मी स्वतः जाऊन सांगितले, कारण त्याने माझ्यासाठी शब्द टाकला होता आणि तो त्याला परत घ्यावा लागणार होता.  तो म्हणाला की कंपनीतल्या मित्राला काय सांगायचे ते त्याला सुचले आहे.

“सांगतो, आमच्या वहिनीला डावं-उजवं कळत नाय.”

मी म्हटले की हे अगदी अचूक आहे, आणि त्याचे आभार मानले. त्याने ते घेतले. जाताना त्याने माझ्या खोलीतली तार तपासली आणि जुना जोड बदलून दिला.

शर्मिलाबाईंनी सांगितले होते तसेच झाले. जानेवारीतला एक आठवडा कोरडा गेला आणि मी झोडणीला उभी राहिले. धुळीने दम लागल्यामुळे सासऱ्यांनी मला खळ्यावरून घालवून दिले. त्यानंतर काम बऱ्यापैकी येत गेले. फेब्रुवारीत एका म्हाताऱ्या माणसाच्या खांद्याची फाइल आली. तपासणीत डावा खांदा, पुढच्या शस्त्रक्रियेच्या बेतात उजवा. यंत्राने दोन्ही उत्तम टंकले होते. मी फ्लॅग लावला आणि पुढच्या फाइलीकडे वळले. दुसऱ्या दिवशी शर्मिलाबाईंनी डॉक्टरांचे उत्तर मला पाठवले. त्यात त्यांनी लिहिले होते: डावा, चूक माझी, आभार. शस्त्रक्रियेची वेळ त्याच आठवड्यातली होती.

दुपारी जेवताना मी हे घरात सांगितले. सासऱ्यांनी विचारले की त्या म्हाताऱ्याला हे कळेल का. मी म्हटले, नाही. त्याला फक्त जो दुखत होता तोच खांदा बरा झालेला कळेल. त्यांना ते पुरेसे वाटले.  संध्याकाळी सासूबाई नारळ घेऊन देवळाकडे निघाल्या, आणि तासाभराने तोच नारळ घेऊन परत आल्या.

“हैबती घेत नाय,” त्या चिडून म्हणाल्या. “म्हनतो, कौल झालाच नाय, तर कौलाचा नारळ कशाचा. माजं देवीचं काय असंल ते असंल, ह्याला काय पडलंय?”

मी सुचवले की कौलाचा नव्हे, नुसताच आनंदाचा म्हणून द्यावा. त्या म्हणाल्या की तेही सांगून पाहिले; त्यावर तो म्हणाला की आनंद तुमच्या घरी झाला, तिथंच फोडा. त्याच्या तर्कात मला दोष सापडला नाही. नारळ फोडला, सकाळी घावने केली आणि त्यांच्याबरोबर त्याच नारळाचा गूळ घातलेला रस झाला. हर्षद आलेला होता. शिमगा पंधरा दिवसांवर आला होता, म्हणून त्याने खाता खाता विचारले की नालासोपाऱ्याला जरा मोठी खोली बघून ठेवू का. सासूबाई घावन उलटत होत्या. त्यांचा हात तव्यावर थांबला.

मी म्हटले, “नको. मी इथेच आहे.”

घावन उलटले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी वारा सुटला. मी हेडफोन घातले तेव्हा सासरे कोयता घेऊन बेटाकडे गेलेले होते, खुराडे पुढच्या ओटीखाली शांत होते, आणि वाटेवरून जाणारे कोणीतरी आपली हाक वळणापर्यंत पोटात धरून चालले असावे. माझ्या कानातला डॉक्टर पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत एकदाही तुटला नाही.